वाटीवरून काट्यावर: वड्याच्या आणि उकडीच्या पिठाच्या नोंदी

१० एप्रिल २०२५

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी मुंबईच्या एका दुकानाला आमच्या बायकांच्या गटाची दोन पिठं द्यायची ठरली आहेत: कोंबडी-वड्याचं पीठ आणि उकडीच्या मोदकांचं पीठ. आजवर आमचं सगळं वाटीवर चाललं. कृती मोठ्या काकींची आणि हातही त्यांचाच. आता मात्र काकी गोव्याला लेकीकडे गेल्या तरी तेच पीठ उतरलं पाहिजे. शिवाय पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि निव्वळ वजन ग्रॅममध्ये. 'धणे अर्धी वाटी, चणाडाळ अर्धी वाटी' ही जोडी वाटीत सारखीच दिसते, काट्यावर नाही.

सावंतवाडीहून सामान आणलं. ५ किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ४८० रुपये. २०० ग्रॅमचा खिशातला काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ३५० रुपये. प्लॅस्टिकचं १०० मिलीचं मोजपात्र ९५ रुपये. यातलं मोजपात्र घेऊ नका. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरून सगळं काम काट्यावर होतं. आमचं मोजपात्र आता तेल ओतायला आहे.

काटा खरा की खोटा हे बघायला घरात वजनं नव्हती. दहाची नाणी घेतली, २०११ च्या मालिकेतली. एक नाणं ७.७१ ग्रॅम भरतं. दहा नाण्यांना मोठ्या काट्याने ७७ दाखवले आणि छोट्याने ७७.०४. झिजलेल्या नाण्यांना एवढं चालतं. नाणी निवडताना साल बघा, कारण नंतरच्या मालिकेतलं नाणं वजनाला किंचित वेगळं आहे.

१२ एप्रिल

आधी वाट्या मोजल्या. गटातल्या प्रत्येकीला घरची 'नेहमीची वाटी' आणायला सांगितलं होतं. सगळ्यात लहान १४८ मिली, सगळ्यात मोठी २१०. काकींची १७२. सगळ्याजणी आजवर एकाच कृतीने पीठ करत होतो!

मोजताना एक गोष्ट सांभाळा. काठोकाठ भरलेलं पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि तीन-चार ग्रॅम जास्त दाखवतं. काठावरून सुरीची पाठ फिरवून जादा पाणी उतरवलं, वाटी बाहेरून पुसली, मग आकडा घेतला.

मोबाईलवर मिळणारे तक्ते इथे उपयोगाचे नाहीत. 'एक कप मैदा १२० ग्रॅम' हा हिशेब अमेरिकन कपाचा, म्हणजे सुमारे २३७ मिलीचा. दुसरा तक्ता २५० मिलीचा कप धरतो. भाताच्या कुकरबरोबर येणारा कप १८० मिलीचा असतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. तक्ता कुठल्या कपाचा हे लिहिलेलं नसेल तर तो बाजूला ठेवलेला बरा.

घरातलं जुनं चिपटंही उत्साहाने काढलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे सासऱ्यांना तोंडपाठ. पण आमच्या चिपट्याचा काठ एका बाजूला वाकलेला, आणि शेजारच्या घरचं चिपटं पाण्याने भरून पाहिलं तर ते निराळंच निघालं. परत माळ्यावर गेलं.

१५ एप्रिल

काकींच्या १७२ मिलीच्या वाटीत काय किती भरतं ते काढलं. सगळं सपाट, काठावरून पट्टी फिरवून. तांदूळ १४१ ग्रॅम, उडीदडाळ १४८, चणाडाळ १४२, रवा १२४, साखर १४६, मेथी १२७. जिरं ७५ आणि धणे फक्त ५७, कारण धणा म्हणजे पोकळ गोळीच. खोबरेल १५७. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणूनच खाण्याच्या तेलाच्या लिटरच्या पिशवीवर बाजूला ९१० ग्रॅम छापलेलं दिसतं.

इथपर्यंत काम सुरळीत झालं. दाणे पुन्हा पुन्हा भरले तरी दोन-तीन ग्रॅमच्या वर फरक पडला नाही. पिठावर आल्यावर मात्र आकडा जागेवर बसेना. तांदळाचं पीठ चाळणीतून थेट वाटीत पाडलं तर १०० ग्रॅम. डब्यात वाटी बुडवून काढली तर ११४. वाटी ओट्यावर आपटत भरत गेले तर १२७. वाटी तीच आणि पीठही त्याच डब्यातलं. ओल्या खोबऱ्याचं याहून वाईट: सैल खोवलेलं ६२, बोटांनी दाबलेलं ९५. गूळ किसून सैल ११२, दाबून १५०.

म्हणून आमच्या वहीत पीठ, खोबरं आणि गूळ यांच्यापुढे एक आकडा नाही, दोन आहेत, आणि कसं भरलं तेही लिहिलं आहे. एकच आकडा देणाऱ्या तक्त्यावर माझा आता विश्वास नाही.

२० एप्रिल

वड्याच्या पिठाचा पहिला घाणा. काकींची कृती अशी: चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी चणाडाळ, अर्धी वाटी धणे, एक लहान चमचा मेथी, एक लहान चमचा जिरं. १५ तारखेच्या आकड्यांनी गुणून तांदूळ ५६४ ग्रॅम, उडीद १४८, चणाडाळ ७१, धणे २८ असं तोललं आणि दळून आणलं.

पीठ चिकट झालं. केळीच्या पानावर थापताना वडा पानावरून सुटेना. तळल्यावर फुगले छान, पण ताटात येईपर्यंत मऊ पडले. काकींनी अर्धा वडा खाऊन बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "उडीद जास्त पडलो." काट्यावर तर एक ग्रॅमही जास्त पडला नव्हता. काटा पुन्हा नाण्यांवर तपासला, बरोबर होता.

२२ एप्रिल

आज काकींना त्यांच्या पद्धतीने भरायला सांगितलं आणि मी काट्याशी बसले. काही बोलायचं नाही, त्यांनी वाटी ओतली की आकडा लिहायचा. तांदळाची पहिली वाटी १६५, दुसरी १६८, तिसरी १६४, चौथी १६७. उडदाची वाटी १४८.

तांदूळ त्या शीग लावून भरतात आणि डाळ सपाट. तळहाताने डाळीवरून हात फिरतो, तांदळावरून फिरत नाही. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून पीठ केलं, आणि हे एकीनेही पाहिलं नव्हतं. विचारल्यावर काकी म्हणाल्या, "तांदळाक शीग व्हयी, डाळीक नको. ह्या काय सांगूक व्हया?"

म्हणजे चार वाट्यांचे ५६४ नव्हे तर ६६४ ग्रॅम. माझ्या घाण्यात किलोभर तांदळामागे उडीद २६२ ग्रॅम पडला होता, त्यांच्या हातचा २२३ पडतो. शिगेतले शंभर ग्रॅम तांदूळ गायब झाले की उडीद आपोआप वर चढतो.

तुम्ही कोणाच्या हातची कृती ग्रॅममध्ये आणत असाल तर त्या व्यक्तीला मोजू द्या आणि तुम्ही फक्त तोला. तोंडी सांगितलेल्या वाटीवर हिशेब करू नका.

२४ एप्रिल

नव्या आकड्यांनी घाणा. १० किलोसाठी: तांदूळ ७.२४ किलो, उडीदडाळ १.६१, चणाडाळ ७७५ ग्रॅम, धणे ३०५, मेथी ४४, जिरं २२. सगळं कच्चं तोलायचं आणि मग धणे-मेथी जरा गरम करायचे, कारण भाजल्यावर वजन घटतं आणि प्रत्येकीचं भाजणं सारखं नसतं. वडे जमले. काकींनी दोन खाल्ले. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास.

गिरणीतून १० किलोचे ९.७ च्या आसपास परत येतात. थोडं जात्यात आणि पिशवीला राहतं. पाकिटांचा हिशेब दळून आल्यावरच्या वजनावर करायचा.

२८ एप्रिल

नमुन्यासाठी किलोभराचा छोटा घाणा केला तर कडू लागला. मेथी. एवढ्या घाण्याला मेथी ४.४ ग्रॅम हवी, आणि ती मोठ्या काट्यावर चिमटीचिमटीने घातली जात होती. त्या काट्याची खोड आज कळली: शून्यावर ठेवून हळूहळू दाणे टाकले तर बराच वेळ तो शून्यच दाखवतो. दोन-तीन दाण्यांचा फरक त्याला हेलकावा वाटतो आणि तो स्वतःच पुन्हा शून्यावर येतो. आपण टाकत राहतो. आकडा हलेपर्यंत मेथी दुप्पट झालेली असते.

यावर दोन उपाय सापडले. पाच-दहा ग्रॅमच्या गोष्टी छोट्या काट्यावरच तोलायच्या, पंखा बंद करून. वाऱ्याने त्याचा आकडा नाचतो. छोटा काटा हाताशी नसेल तर मेथीची अख्खी बरणी मोठ्या काट्यावर ठेवायची, शून्य करायचं आणि बरणीतून काढत जायचं. उणे चार आलं की थांबायचं. दर खेपेला बरणी उचलून परत ठेवली की काटा नीट वजन घेतो.

कडू पीठ आम्ही साध्या तांदळाच्या पिठात मिसळून घरच्या घावनांना वापरलं.

४ मे

दोन दिवस मसाल्यात गेले. हे दुकानाच्या कामातलं नाही, पण मोजमापाचं आहे म्हणून लिहिते. मालवणी मसाल्याच्या जुन्या वहीत मिरच्या आणि धणे वजनाने आहेत, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर हे तोळ्यांत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. बाजारात आज तोळा म्हटलं की १० ग्रॅम मिळतात. पाच तोळे लवंगेचे ५८ ग्रॅम की ५० हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला: त्या कित्येक वर्षं बाजारातला तोळाच आणतात आणि आम्हाला आवडतो तो मसाला त्याचाच आहे. वहीत ५० लिहिलं.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच कोसळला. कालच मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आमचं उकडीच्या पिठाचं तांदूळ धुऊन वाळवायचं काम अर्ध्यावर होतं. आंगणातलं सगळं उचलून माजघरात आणलं, चादरींवर पसरलं, दोन पंखे लावले.

वाळलं की नाही हे हाताला कळतं असं आम्ही धरून चालायचो. या हवेत हाताला काहीच कळत नाही, सगळंच गार लागतं. इथे काटा खरा उपयोगी पडला. पाच किलो तांदूळ धुऊन निथळल्यावर ६.३ किलो भरले होते. ते परत पाच किलोच्या जवळ येईपर्यंत वाळवायचे, एवढंच. धुताना थोडी कणी आणि पावडर वाहून जाते, म्हणून ४.९५ ला थांबलो. पहिल्या लॉटला तीन दिवस लागले. विजेचं बिल वेगळंच. हाताच्या भरवशावर आदल्या आठवड्यात दळलेल्या दोन किलोंना डब्यात वास आला होता, तेही आठवून वजन केलं असतं तर वाचले असते.

१५ जून

वजनही अगदी ठाम नाही. ताटात उघडं ठेवलेलं १०० ग्रॅम पीठ पावसाळी दिवसात संध्याकाळपर्यंत १०२ झालं. मिठाचं तर विचारू नका. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, आणि आमच्याकडे जूनमध्ये ती त्याच्या खाली क्वचितच येते. पिठाची पिशवी उघडली की त्याच दिवशी पाकिटं भरून सील करायची, असं ठरलं.

मिठावरून आणखी एक. वड्याच्या पाकिटामागे कृतीत 'एक चमचा मीठ' लिहिणार होतो. आमच्या घरी शिरोड्याचं जाडं मीठ, तेच शिरोडं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. त्याचा लहान चमचा ४.७ ग्रॅम भरला, मुंबईत मिळणाऱ्या बारीक मिठाचा ६. आमच्या चवीने लिहिलेला चमचा तिथे खारट लागणार. पाकिटावर 'बारीक मीठ पाऊण चमचा' असं जाईल.

६ जुलै

उकड. काकींची कृती एका ओळीची: जेवढं पीठ तेवढं पाणी. गटातल्या एका मुलीने ती सरळ ग्रॅममध्ये घेतली: ५०० ग्रॅम पीठ, ५०० मिली पाणी. उकड निघाली ती भुग्यासारखी. पाणी शिंपडत मळून घेतली तरी पारीला काठावर चिरा.

काकींचं 'तेवढंच' वाटीचं आहे, वजनाचं नाही. चाळलेल्या सैल पिठाची वाटी १०० ग्रॅम, त्याच वाटीने पाणी १७२. म्हणजे वजनात एकास १.७. तेवढं पाणी उकळून, मीठ आणि चमचाभर तूप घालून, पीठ ओतून, झाकण ठेवून वाफ आणली आणि गरम असतानाच मळली. पारी पातळ झाली, एकही चीर नाही. तांदूळ जुना असेल तर जरा जास्त पाणी मागतो. आमचा मागच्या हंगामाचा आहे.

२ ऑगस्ट

पाच नमुना पाकिटं मुंबईला नातेवाइकांकडे पाठवली होती. पाकिटामागे 'एक वाटी पीठ, एक वाटी पाणी' असंच छापलं होतं, कारण घरोघरी काटा नसतो. दोघींचे फोन आले: उकड कोरडी, मोदक वाफवताना फुटले. एकीने व्हिडिओ पाठवला. त्यात तिने पाकीट कापलं आणि वाटी तशीच आत खुपसून भरली. ट्रकमधून हादरे खात गेलेलं पीठ पाकिटात गच्च बसलं होतं. ती वाटी सैल नव्हती.

इथे एक पाकीट मुद्दाम ओट्यावर आपटून तसंच भरून पाहिलं: १२७ ग्रॅम. त्याला पाणी १७२ म्हणजे एकास १.३५. कोरडी होणारच.

'पीठ चाळून घ्या, मग वाटीने मोजा' असं छापावं अशी एक सूचना आली. छापता येईल, पण किती जणी चाळतील? दळलेलं, चाळलेलं पीठ विकत आणल्यावर मी तरी चाळणार नाही.

५ ऑगस्ट

पीठ मोजायचंच नाही, असं ठरलं. अख्खं पाकीट वापरायचं आणि फक्त पाणी मोजायचं. मुंबईत काय, इथे काय, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली प्रत्येक घरात असते आणि तिच्यात ५०० मिलीच्या आसपास पाणी येतं. ५०० मिलीला १.७ ने भागलं की २९४. म्हणून पाकीट ५०० ग्रॅमचं न करता ३०० ग्रॅमचं. कृती एका ओळीत: पूर्ण पाकीट, अर्ध्या लिटरची एक बाटली भरून पाणी. तीनशेला खरं तर ५१० हवं, पण दहा मिली पाणी मळताना हाताला लागतंच.

करून पाहिलं. ३०० ग्रॅम पिठाची उकड ७७० ग्रॅमच्या आसपास भरली, थोडं पाणी वाफेत गेलं. एका मोदकाला ३६ ग्रॅम धरले तर बरोबर एकवीस. नैवेद्याचा आकडा आपसूकच आला, यावर गटात जो आनंद झाला तो काट्यावर येणार नाही.

दुकानाला आधी ५०० ग्रॅमच हवं होतं. एकवीस मोदकांचं पाकीट म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. लेबल पुन्हा छापावं लागलं: निव्वळ वजन, एका ग्रॅममागची किंमत आणि कमाल किंमत हे सगळं बदललं. आधीची ४०० लेबलं फुकट गेली, ६०० रुपये.

९ ऑगस्ट

सारणाची कृतीही पाकिटावर द्यायची होती. काकींचं प्रमाण दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ. खोबरं सैल खोवलेलं, गूळ चिरून दाबून. तोललं तर १२४ ग्रॅम खोबऱ्याला १५० ग्रॅम गूळ. वाटीत दोनास एक दिसतं आणि काट्यावर गूळच वरचढ! हे वाचून कोणी २०० ग्रॅम खोबऱ्याला १०० ग्रॅम गूळ घेतला तर सारण अगदी मचूळ होईल. माझ्या मुलांना काकींच्या प्रमाणाएवढं गोड नको असतं, सासूबाईंना त्याहून जराही कमी चालत नाही. शेवटी 'खोबरं आणि गूळ वजनाने सारखे' असं छापलं. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांच्यासाठी खाली एक ओळ दिली: बाजारात गूळ पाव किलो घ्या आणि एक मध्यम नारळ पूर्ण खोवा. आमच्याकडचे मध्यम नारळ खोवल्यावर २१० ते २६० ग्रॅम भरले. मुंबईचा मध्यम नारळ केवढा असतो ते तिथल्या नातेवाइकांना तोलून कळवायला सांगितलं आहे.

१८ ऑगस्ट

माल गेला. वड्याच्या पिठाच्या लेबलावर घटकांचा क्रम: तांदूळ, उडीदडाळ, चणाडाळ, धणे, मेथी, जिरं. सामान, फुकट गेलेली लेबलं आणि वास आलेलं पीठ धरून वरखर्च दोन हजारांच्या आत राहिला. पंख्यांचं बिल त्यात धरलेलं नाही. दिवाळीसाठी भाजणी घ्यायची आहे. तिची कृती काकी मुठीने सांगतात, म्हणून पुढच्या आठवड्यात मुठी काट्यावर.